पोकळ बोलणं वाजवून पाहणारं शहर

रात्रीची वेळ, उज्जयिनीचा राजरस्ता. गणिका वसंतसेना जीव मुठीत धरून पळतेय आणि तिच्या मागे राजाचा मेहुणा लागलाय. धाप लागली तरी मेहुणे महाशयांचं तोंड थांबत नाही. हनुमानानं सुभद्रेला उचलून नेलं तसं मी तुला नेईन, असं ते बजावतात. रावणाच्या हाती कुंती लागली तशी तू माझ्या हाती लागलीस, असंही ऐकवतात. रामाला घाबरून द्रौपदी पळाली होती, ही माहितीही वाटेत मिळते. मग वसंतसेना अंधारात दिसेनाशी होते. तेव्हा त्यांना फुलांच्या माळांचा वास ऐकू येतो. पण नाकात काळोख भरल्यामुळे दागिन्यांचा आवाज काही नीट दिसत नाही!

हा शकार. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या दहा अंकी नाटकातला खलनायक. शूद्रकाच्या काळाबद्दल पंडितांचे वाद आहेत, पण हे नाटक इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतलं आहे, एवढं बहुतेक जण मानतात. मराठी माणसाला ते परकं नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मराठी संगीत रंगभूमीवर आणलं आणि पुढे बालगंधर्वांची वसंतसेना गाजली. १९८४ साली गिरीश कार्नाडांनी त्यावर ‘उत्सव’ हा चित्रपट काढला. त्यात शशी कपूर यांनी रंगवलेला संस्थानक म्हणजे हाच शकार.

शकाराला आपण हसतो आणि पुढे जातो. पण जरा थांबून विचार करावा, तर त्याच्या बडबडीत एक नवल दडलेलं आहे. सुभद्रेला हनुमानानं नेलं, हे सांगताना शकार खोटं बोलतोय का? खोटं बोलायला आधी खरं काय ते ठाऊक असावं लागतं आणि ते लपवायची गरज असावी लागते. शकाराला अर्जुन काय नि हनुमान काय, सारखेच. त्याला फक्त एवढंच हवंय की, समोरच्याला वाटावं, हा माणूस पुराणं कोळून प्यायलाय. वाक्य खरं आहे की खोटं, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतच नाही.

हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकी तत्त्वज्ञानं १९८६ साली एका निबंधात नेमका हाच भेद मांडला. २००५ मध्ये त्या निबंधाचं छोटेखानी पुस्तक निघालं आणि ते धडाक्यानं खपलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : खोटारडा माणूस सत्याची दखल तरी घेतो, कारण त्याला ते टाळून जायचं असतं. थापाड्याला सत्याशी देणंघेणंच नसतं. त्याला आपली छाप पाडायची असते. त्या भरात एखादं वाक्य खरं निघालं तरी त्याची हरकत नसते. म्हणून फ्रँकफर्टला खोटारड्यापेक्षा थापाड्या सत्याचा मोठा शत्रू वाटतो.

शूद्रकाची कमाल अशी की, त्यानं ही दोन्ही माणसं एकाच पात्रात घालून दाखवली. पहिल्या अंकात शकार नुसता थापाड्या आहे. आठव्या अंकात तो वसंतसेनेचा गळा आवळतो, ती मेली असं समजून तिला पालापाचोळ्यानं झाकतो आणि नवव्या अंकात न्यायालयात येऊन तिच्या प्रियकरावर, चारुदत्तावर, खुनाचा आरोप करतो. आता मात्र तो खोटारडा झालाय, कारण आता त्याला खरं काय ते माहीत आहे. आणि गंमत म्हणजे, थापा मारताना कधीही न अडखळणारा हा माणूस खोटं बोलताना पहिल्याच फटक्यात घसरतो.

न्यायसभेतला हा प्रसंग मुळातून पाहण्यासारखा आहे. न्यायाधीशासोबत तिथे एक श्रेष्ठी आणि एक कायस्थ, म्हणजे लेखनिक, बसलेला आहे. आज तुमचं प्रकरण ऐकता येणार नाही, असा निरोप शकाराला मिळतो. त्यावर तो धमकी देतो की, मेहुण्याला सांगून, बहिणीला आणि आईला सांगून या न्यायाधीशालाच बदलून टाकतो. प्रकरण लगेच ऐकायला घेतलं जातं. मग शकार आपली ओळख करून देतो : माझे वडील राजाचे सासरे, राजा माझ्या वडिलांचा जावई, मी राजाचा मेहुणा, राजा माझ्या बहिणीचा नवरा. चार वाक्यं आणि माहिती एकच! पोकळ बोलण्याचा याहून नेटका नमुना शोधून सापडणार नाही.

त्यानंतर तो मुद्द्यावर येतो. उद्यानात वसंतसेनेचा मृतदेह पाहिला, कुणीतरी पैशासाठी तिचा गळा दाबून जीव घेतला, एवढं सांगून तो पुढे बोलून जातो, ‘मी नाही’. आणि चटकन स्वतःच्या तोंडावर हात ठेवतो. कुणी विचारलेलं नसताना दिलेला हा नकार न्यायाधीश अचूक टिपतो आणि लेखनिकाला तेच शब्द आधी लिहून घ्यायला सांगतो. शकार गडबडतो. लिहिलेली अक्षरं तो चक्क पायानं पुसून टाकतो.

बोललेला शब्द हवेत विरतो, या भरवशावर शकाराचं सगळं आयुष्य चाललेलं. शब्द लिहून घेतला जातो म्हटल्यावर त्याची पहिल्यांदाच गाळण उडते. ‘असं मी म्हणालोच नव्हतो’ या वाक्याचा जन्म कुठेतरी याच परिसरात झाला असावा.

तरीही चारुदत्ताला शिक्षा होते. शकाराचा नोकर स्थावरक याला खरं माहीत असतं. शकारानं त्याला कोंडून ठेवलेलं असतं, तर तो वरून उडी टाकून येतो आणि लोकांना सत्य सांगतो; पण शकार त्याला चोर ठरवून मोकळा होतो. राजाच्या मेहुण्याच्या खोट्यापुढे गुलामाचं खरं टिकत नाही. वसंतसेना जिवंत निघते आणि वधस्थानी धावत येते, म्हणून चारुदत्त वाचतो. पहिल्या अंकात ज्या बडबडीवर प्रेक्षक पोट धरून हसले, तीच बडबड सत्तेच्या आधारानं एका निरपराध माणसाला सुळापर्यंत नेते. विनोदी पात्र म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष केलं, त्याच्या हातात काय काय आहे, हे शूद्रक नऊ अंकांच्या सवडीनं दाखवतो.

आता याच शहरातल्या दुसऱ्या एका चमत्काराकडे वळू. १९२२ साली रामकृष्ण कवी आणि रामनाथ शास्त्री या दोन विद्वानांनी ‘चतुर्भाणी’ नावानं चार जुनी संस्कृत एकपात्री नाटकं छापली. केरळात जपल्या गेलेल्या पोथ्यांमुळे ती हाती लागली होती. त्यांतली दोन पाटलीपुत्रात, म्हणजे कुसुमपुरात घडतात. उरलेल्यांपैकी ‘पद्मप्राभृतक’ उज्जयिनीत घडतं. ते शूद्रकाच्याच नावावर आहे. श्यामिलकाचं ‘पादताडितक’ सार्वभौमनगर नावाच्या शहरात घडतं. अभ्यासकांच्या मते तीही उज्जयिनीच. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचे संचालक राहिलेले डॉ. मोतीचंद्र यांनी वासुदेवशरण अग्रवालांच्या साथीनं या चारही भाणांचा ‘शृंगारहाट’ नावानं हिंदी अनुवाद केला.

भाण म्हणजे एकाच नटाचं नाटक. हा नट विट असतो : पैसा उडवून बसलेला, चार कला जाणणारा, शहराच्या गल्लीबोळांची आणि माणसांची खडान्‌खडा माहिती असलेला गोडबोल्या. तो एका कामगिरीवर निघतो आणि रस्त्यात त्याला माणसं भेटत जातात. पण ही माणसं रंगमंचावर येतच नाहीत. विट मोकळ्या हवेकडे पाहून बोलतो, कान देतो, ‘काय म्हणतोस?’ असं विचारतो आणि समोरच्यानं दिलेलं उत्तर स्वतःच्याच तोंडानं आपल्याला ऐकवतो. नाट्यशास्त्रात या युक्तीला आकाशभाषित म्हणतात. आज एकपात्री प्रयोग करणारे कलाकार हेच करतात, फक्त त्याचं एवढं जुनं नाव आपल्याला आठवत नाही.

या युक्तीत एक विलक्षण सामर्थ्य आहे. बोलणारा समोर असतो तेव्हा त्याचा पोशाख, त्याचं वय, त्याची खुर्ची, त्याचा खर्जातला आवाज, हे सगळं त्याच्या वाक्याला आधार देत असतं. तेच वाक्य त्याच्यापासून सोडवून दुसऱ्याच्या तोंडी ठेवलं की, ते एकटं पडतं. बाजारात माठ घेताना आपण बोटानं टिचकी मारून तो वाजवतो आणि कान देतो. ‘काय म्हणतोस?’ ही विटाची टिचकी आहे.

‘पद्मप्राभृतका’तला विट, त्याचं नाव शश, आपला मित्र मूलदेव याच्या प्रेमप्रकरणाचा अंदाज घ्यायला निघतो. मूलदेवाचं मन देवसेनेवर जडलंय. तिच्या मनात काय आहे, ते शशाला काढून घ्यायचंय. वाटेत त्याला दत्तकलशी नावाचा वैयाकरण भेटतो. हा पाणिनीचा कट्टर अनुयायी. साधी विचारपूस केली तरी तो कानाला बोचतील अशी जडजंबाल क्रियारूपं फेकतो. बाबा रे, माणसासारखा बोल, अशी विनवणी शशाला करावी लागते. त्याचं संस्कृत व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष आहे आणि त्याच वेळी ते संभाषण म्हणून शून्य आहे. शुद्ध भाषेतही पोकळपणा असू शकतो, हे संस्कृतातल्याच नाटककारानं संस्कृत पंडितावर दाखवावं, याला मोठं मन लागतं.

पुढे पवित्रक भेटतो. नावाप्रमाणेच पवित्र! गर्दीत कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून कपडे आवरून, अंग चोरून चालणारा. त्याच्या सोवळ्याची दुसरी बाजू शशाला पुरती ठाऊक आहे, त्यामुळे हे सोवळं फार वेळ टिकत नाही. मग येतो संघिलक नावाचा बौद्ध भिक्षू. गणिकांच्या वस्तीतून बाहेर पडताना तो नेमका शशाच्या नजरेला पडतो. एका दुःखी स्त्रीचं बुद्धवचनांनी सांत्वन करायला गेलो होतो, असं तो सांगतो. शश त्याला खोटं ठरवायच्या भानगडीत पडत नाही. त्याचं स्पष्टीकरण तो आपल्याला ऐकवतो आणि वरून दोन शब्द जोडतो. बस्स, तेवढ्यानं काम होतं. ब्राह्मण असो, भिक्षू असो, की पंडित, टिचकी सगळ्यांना सारखीच बसते.

‘पादताडितका’त तर पोकळपणावर सभाच भरते. विष्णुनाग नावाच्या ब्राह्मण अधिकाऱ्याच्या मस्तकावर मदनसेनिका ही सौराष्ट्रातली गणिका प्रेमाच्या भरात पाय ठेवते. गडी अपमानानं पेटतो आणि प्रायश्चित्त विचारायला ब्राह्मणांच्या सभेत जातो. तिथे हसं झाल्यावर प्रकरण विटांच्या सभेकडे येतं. शहरातले सगळे बिलंदर गंभीर चेहऱ्यानं जमतात आणि धर्मशास्त्राच्या थाटात एकेक प्रायश्चित्त सुचवू लागतात. शेवटी सभेचा प्रमुख भट्टी जीमूत निकाल देतो : विष्णुनागाच्या डोळ्यांदेखत मदनसेनिकेनं तिचा पाय आता माझ्या मस्तकावर ठेवावा! ज्याला विटाळ म्हणून इतका गाजावाजा चालला होता, तो खरं तर बहुमान होता, हे एका वाक्यात उघडं पडतं.

ही कला उज्जयिनीत का बहरली असेल? एक कारण भूगोलात आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात उज्जयिनीचा उल्लेख ‘ओझेनी’ असा येतो. इथून अकीक, मलमल असा माल भडोच बंदरात उतरायचा आणि तिथून समुद्रापार जायचा. उत्तरेला दक्षिणेशी आणि पश्चिम किनाऱ्याशी जोडणाऱ्या वाटा इथून जात होत्या. व्यापारी, अंमलदार, जुगारी, भिक्षू, देशोदेशीचे उपटसुंभ, सगळे या शहरात वावरत होते. खेड्यात माणसाला त्याच्या सात पिढ्यांवरून ओळखतात. अशा शहरात समोरच्याची ओळख त्याच्या बोलण्यावरूनच पटवावी लागते. मग बोलण्यालाच भाव येतो, आणि जिथे भाव येतो तिथे बनावट मालही येतो. तो पारखणारे कानही त्याच शहरात तयार होतात.

बनावट माल आपल्याला फसवतो कसा, याचा एक मजेशीर शोध कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या गॉर्डन पेनिकूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी संगणकाकडून अध्यात्माच्या वळणाचे भारदस्त शब्द जुळवून निरर्थक वाक्यं तयार करून घेतली. व्याकरण बरोबर, अर्थ काहीच नाही. ही वाक्यं किती गहन वाटतात, असं लोकांना विचारलं, तेव्हा बऱ्याच जणांना त्यांत खोली जाणवली. ज्यांना चिकित्सेची सवय होती, ते कमी फसले. अर्थ लागला नाही तर दोष आपल्या अकलेचा असणार, असं आपण धरून चालतो. पोकळ बोलणारा याच नम्रतेवर जगतो.

सगळंच रिकामं बोलणं मात्र फसवं नसतं. ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञानं १९२३ साली दाखवून दिलं की, माणसं बरंचसं बोलतात ते माहिती देण्यासाठी बोलत नाहीत. आपलं एकमेकांशी बरं आहे, एवढंच त्यांना कळवायचं असतं. ‘काय, झाला का चहा?’ असं दारात विचारणाऱ्या शेजाऱ्याला आपल्या चहाची चौकशी करायची नसते, आणि आपणही त्याला खोटं ठरवत नाही. दोघांनाही व्यवहार माहीत असतो. भाणातला विटही रस्त्यात भेटेल त्याच्याशी गोड बोलतो, पण त्या गोडव्याखाली तो काही खपवत नाही. लबाडी सुरू होते ती एका बाजूला व्यवहार ठाऊक आणि दुसरी बाजू अंधारात, अशी स्थिती आली की.

अमेरिकेत १८२० साली घडलेला एक किस्सा इथे सांगायलाच हवा. गुलामगिरीच्या प्रश्नावर, मिसुरी राज्याच्या प्रवेशावरून, संसदेत घमासान चर्चा चालू होती. मतदान जवळ आलेलं असताना नॉर्थ कॅरोलायनाचे प्रतिनिधी फीलिक्स वॉकर भाषणाला उभे राहिले. सहकारी वैतागले, बसा म्हणाले. पण वॉकर हटेनात. मी इथल्यांसाठी बोलतच नाहीये, माझ्या बंकम परगण्यासाठी बोलतोय, असं त्यांनी सांगून टाकलं. तेव्हापासून पोकळ भाषणबाजीला इंग्रजीत त्या परगण्याचं नावच चिकटलं. भाणात बोलणारा अदृश्य असतो आणि ऐकणारा आपल्याला दिसतो. वॉकर यांच्या भाषणात बोलणारा उभा होता आणि ज्यांच्यासाठी बोलायचं, ते शेकडो मैल लांब होते. आजचं बहुतेक राजकीय बोलणं कॅमेऱ्याकडे तोंड करून याच रीतीनं चालतं.

उज्जैननं आपली परंपरा सोडलेली नाही. हिंदीतले थोर व्यंग्यकार शरद जोशी २१ मे १९३१ रोजी याच शहरात जन्मले. पुढे त्यांनी मुंबई गाठली, ‘नवभारत टाइम्स’मध्ये ‘प्रतिदिन’ हे सदर लिहिलं आणि दूरदर्शनसाठी ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका लिहिली. ‘जीप पर सवार इल्लियाँ’ हा त्यांचा गाजलेला लेख शकाराच्या वंशजांवरच आहे. हरभऱ्यावर अळी पडल्याची बातमी येते, सरकारी यंत्रणा हलते, कृषी अधिकारी जीपमधून पाहणीला निघतात. वाटेत उपाययोजनेची भारदस्त भाषा चालू राहते आणि शेतकऱ्यांकडून फुकटचा हरभरा जीपमध्ये येत राहतो. शेवटी लेखकाला खऱ्या अळ्या जीपमध्येच बसलेल्या दिसतात. हा शेवट सोडला, तर जोशींनी अधिकाऱ्यांवर कुठेही आरोप केलेला नाही. विटासारखंच त्यांनीही फक्त त्यांचं बोलणं ऐकवलं.

आणि दरवर्षी १ एप्रिलला उज्जैनमध्ये टेपा संमेलन भरतं. मालवी बोलीत टेपा म्हणजे भोळसट, बावळट. विनोदी लेखक डॉ. शिव शर्मा यांनी ते सुरू केलं. एरवी हारतुरे स्वीकारणारी मंडळी तिथे व्यासपीठावर बसून स्वतःची टिंगल ऐकतात. विटांची सभा आणि हे संमेलन यांच्यात दीड हजार वर्षांचं अंतर आहे. मोठेपणाचा आव उतरवायची पद्धत मात्र ओळखीची वाटते.

उज्जयिनीत घडणाऱ्या या नाटकांनी पोकळ बोलण्यावर तीन इलाज करून ठेवले आहेत. ते आजही चालतात आणि त्यांना खर्च काहीच येत नाही. पहिला, बोलणाऱ्याला मध्येच न तोडता बोलू द्यावं. शकार कुणी न अडवल्यामुळेच हनुमान आणि सुभद्रेपर्यंत पोचतो. दुसरा, त्याचं वाक्य जसंच्या तसं, मोठ्यानं, आपल्या तोंडून म्हणून पाहावं. तिसरा, ते लिहून ठेवावं, तारखेसकट. पहिल्या दोन इलाजांनी थापाड्याचं हसं होतं. पण हसं झाल्यानं सत्तेतला शकार थांबत नाही, हेही शूद्रकानं दाखवलंय. त्याला धडकी भरते ती तिसऱ्याचीच. तेव्हा पुढच्या वेळी कुणी मोठं आश्वासन दिलं, तर टाळी वाजवायच्या किंवा चिडायच्या आधी कागद घ्या आणि त्याचे शब्द उतरवून ठेवा. आणि ते पुसायला कुणी पाय पुढे केला, तर तो कुणाचा आहे, तेही त्याखाली लिहा.